घरी लहान कोणी नाही

मुंगीच्या आईनं ते सांगितलं तेव्हा ती मुलीच्या बुटाची नाडी सोडत होती, मान खाली घालून, जणू नाडीलाच सांगत असल्यासारखी. "ताई, उद्या मुंगी येणार नाही. डोक्याचं स्कॅन आहे तिचं." जिम्नॅस्टिक्स शिकवणाऱ्या ताईच्या व्यायामशाळेच्या दारात सकाळची नेहमीची झुंबड होती, पाण्याच्या बाटल्या, सांडलेले मोजे, कोणाची तरी वेणी घालायची राहिलेली. मुंगीचा दुसरा बूट निघाला आणि ती टुणटुण उड्या मारत आत पळालीसुद्धा. वर्गातली सगळ्यांत बारकी, म्हणून मुंगी. मग तिची आई उठून उभी राहिली आणि आवाज खाली आणून उरलेलं बोलली. महिन्यापूर्वी आंघोळ घालताना पोरीच्या छातीशी हाताला गाठ लागली, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. दुखतं म्हणते. डॉक्टरांनी रक्त तपासलं, मनगटाच्या हाडाचा फोटो काढला आणि म्हणाले, ही वयात येण्याची लक्षणं आहेत, पण सात हे काही वयात यायचं वय नव्हे. कधी कधी मेंदूत बारीक गाठ असली तर असं होतं. बघून घेऊ. "हलायचं नाही ना स्कॅनमध्ये, म्हणून भूल देणार आहेत. एवढ्याशा जिवाला भूल!" ती म्हणाली. "आणि मला विचारतात काय, तर घरात कोणी हॉर्मोनचं मलम, जेल असलं काही लावतं का. म्हटलं, आमच्याकडे कोण लावणार? माझं अजून वय नाही, आणि सासूबाई जाऊन जमाना झाला." ती आपल्याच बोलण्यावर हसली, आणि ते हसू अर्ध्यातच बिघडलं.

"काळजी करू नका. होईल सगळं नीट," ताई म्हणाली. असं म्हणताना ती नेहमी समोरच्या आईच्या खांद्यावर हात ठेवते, तसा आत्ताही हात निघाला होता. तो मध्येच थांबला. हात अजून किंचित चिकट होता. पाच मिनिटांपूर्वी, कपडे बदलायच्या खोलीत, मनगटापासून खांद्यापर्यंत तिनं जेल लावलं होतं.

भीती म्हणतात ती तिला आजवर फार वेळा वाटली नव्हती. बारा वर्षांची असल्यापासून ती चार बोटं रुंदीच्या लाकडी बीमवर उलट्या उड्या मारत आली होती, आणि पुढं पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरींना मारायला लावत होती. भिणं हे तिच्या धंद्यात बसत नव्हतं. पण आता ती भ्याली, आणि भीती आली तशी जाईना. ती मुंगीच्या आईकडे बघत राहिली. त्या बाईच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते, तिच्या स्वतःच्या डोळ्यांना झोप नव्हती. "येते ताई, दुकान उघडायचंय," म्हणून ती गेली. आणि ताईला आठवला तो तिच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना, खिडकीतली वाळकी कुंडी, टेबलावर ठेवलेली जेलची पांढरी बाटली. एक पंप एका हाताला, एक दुसऱ्या, बाई म्हणाल्या होत्या. शिवाय रात्री झोपताना एक गोळी. जेल सुकू द्यायचं, वर कपडा घालायचा, तासभर तरी ती कातडी दुसऱ्या कोणाच्या अंगाला लागू द्यायची नाही. "घरी लहान कोणी?" "नाही." "यजमान?" "होते. आता दुसऱ्या गावी, दुसऱ्या घरी सुखात आहेत." "मग प्रश्नच मिटला," बाई म्हणाल्या, आणि दोघी थोडंसं हसल्या. विचारलं होतं घराबद्दल, तिनं उत्तर दिलं घराबद्दल. त्यात खोटं काहीच नव्हतं. तिच्या घरात तिला हात लावणारं कोणी नव्हतं, घरात दुसरा टॉवेल नव्हता. कामाच्या रकान्यात तिनं खेळाची शिक्षिका असं सांगितलं होतं, आणि डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांसमोर गळ्यात शिट्टी अडकवून मैदानाच्या कडेला उभी राहिलेली बाई आली असणार. पोरींच्या अंगाखाली दिवसभर ज्याचे हात असतात असा माणूस त्यांनी कधी बघितला नसेल. पण त्यांचं सोडा. स्वतःला तरी कळायला नको होतं? रोज सकाळी धावून यायचं, वजनं उचलायची, इथंच आंघोळ करायची, जेल लावायचं, पाखरासारखे हात हलवून ते सुकवायचं, वर बिनबाह्यांची बनियन चढवायची आणि बाहेर येऊन पहिल्या पोरीला कमरेत धरायचं. आठ महिने. एवढी अक्कल गहाण टाकलेली बाई तिनंही कधी बघितली नव्हती.

ती परत आत गेली आणि कपाटातून थंडीतलं जाकीट काढलं. पूर्ण बाह्यांचं, गळ्यापर्यंत चेन असलेलं. ते घालून बाहेर आली तेव्हा पोरी ओळीत उभ्या राहून तिच्याकडे टकामका बघायला लागल्या. छताचे पंखे फुल्ल चालू होते. "ताई, तुम्हाला ताप आलाय?" मुंगीनं विचारलं. "ओळीत राहा," ताई म्हणाली, आणि स्वतःच दोन पावलं मागे सरली. एरवी ती असं कधी करत नाही. तिचे सर शिकवायचे, हात मुलीच्या पाठीशी असला पाहिजे, पण मुलीला तो दिसता कामा नये. मुलगी मागं वळून बघत नाही, हात आहे हे तिनं धरलेलंच असतं, म्हणून तर ती उडी घेते. हात कंबर, पाठ, मांडी, सगळीकडे फिरतो, आणि पोरगी चुकली की दोन्ही हातांच्या बेचक्यात येऊन पडते. हेच काम. बाकी मोजणं, ओरडणं, पाय ताण म्हणणं, हे कोणीही करील. आज तिनं सगळ्यांना जमिनीवर बसवलं. पाय लांब करा, पुढं वाका, बोटं धरा. पोरी कुरकुरायला लागल्या, "आज नुसतं वाकायचंच का?" ती त्यांच्या छात्यांकडे बघायचं नाही असं ठरवून त्यांच्या छात्यांकडेच बघत होती. एवढ्या पोरी. त्या चपट्या, हाडकुळ्या, रंगीत बनियनमधल्या पोरी, आणि तिला प्रत्येकीच्या बनियनवर संशय यायला लागला. त्या गोरटेलीचं काय? त्या जुळ्यांचं? जाकिटाच्या आत घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि घामाबरोबर ते बाहेर येऊन बाहीतून झिरपत असेल, चेनीतून, मनगटातून, गादीवर, खडूच्या डब्यात, असलं वेड्यासारखं काहीतरी तिच्या डोक्यात फिरायला लागलं. होत नसतं तसं, हे तिला कळत होतं. पण कळून भीती जात असती तर जगात कोणी घाबरलंच नसतं.

तेवढ्यात वर्गातली सगळ्यांत उंच पोरगी, कोणाचं न ऐकणारी, बीमवर चढली. चढली आणि दोन्ही हात टेकून फिरण्याच्या तयारीत मधोमध अडकली, कारण पाठीशी कोणी नव्हतं. "ताई!" ती ओरडली. ताईनं बाह्या तळव्यांवर ओढल्या आणि धावली. पोरगी कलली, हात गेला, बाहीत गुंडाळलेला हात, आणि बरोबर ज्या क्षणी, ज्या जागी हवा होता तिथंच पोचला. पोरगी सुखरूप खाली उतरली. कोणाला काही विशेष वाटलं नाही. फक्त ताईला रडू फुटायचं तेवढं राहिलं. कारण हात वेळेवर गेला होता, आणि तो वेळेवर जावा म्हणूनच तर तिनं ते जेल सुरू केलं होतं.

दुपारी पोरी गेल्यावर ती न्हाणीघरात उभी राहून हात घासत राहिली. साबण लावला, धुतला, परत लावला. कातडी लाल झाली. दोन वर्षांपूर्वी याच न्हाणीघराच्या आरशात तिनं स्वतःला विचारलं होतं, बाई, तुला झालंय काय? पाळी जाणं म्हणजे एक कटकट कमी, अशी तिची समजूत होती. तिच्या आईच्या वेळी घरात याबद्दल अवाक्षर निघत नसे. आई भर दुपारी दार लावून ओल्या फरशीवर पडून राहायची आणि कोणी हाक मारली की भांडं आपटायची, आणि वडील मुलांना हळूच सांगायचे, आज आईच्या वाटेला जाऊ नका. आपण तसं काही होऊ द्यायचं नाही, हे तिनं पक्कं केलं होतं. ती धावत होती, वजनं उचलत होती, मोजून खात होती, वेळेवर झोपत होती. पालक म्हणायचे, ताईंकडे बघून पन्नाशीच्या वाटत नाहीत, आणि ते ऐकून ती मनात दोन इंच वाढायची. अंगानं मात्र तिच्या धावण्याला आणि वजनांना कवडीचीही किंमत दिली नाही. गरम वाफा आल्या, झोप गेली, सांधे कुरकुरायला लागले, ओळखीच्या पोरींची नावं जिभेवर येऊन परत जायला लागली. तेही सोसलं असतं. पण एके सकाळी हात उशिरा गेला. पापणी लवेल एवढाच उशीर. पोरगी बीमच्या कडेवर तोंडावर आपटली आणि तिच्या पुढच्या दाताचा टवका उडाला. लागायचंच खेळताना, असं म्हणून तिचे आईवडील उलट ताईचीच समजूत घालून गेले. ताईनं गादीखालून तो टवका शोधून काढला, तांदळाच्या दाण्याएवढा. आज दात, उद्या मान. दुसऱ्याच दिवशी ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. आणि औषधानं खरोखर जादू केली. पंधरा दिवसांत झोप आली, महिन्यात हात परत आपल्या जागी आला. आपलं अंग आपल्याला परत मिळालं म्हणून ती एका रविवारी घरात एकटीच मोठ्यानं गाणं म्हणत नाचली होती. आता कळत होतं की पोरींना पडू द्यायचं नाही म्हणून तिनं जे अंगाला फासलं, तेच ती पोरींच्या अंगाला फासत होती.

धाकट्या बहिणीला तिनं फोन लावला. कोणाला तरी सांगितल्याशिवाय छातीवरचा दगड हलणार नव्हता. बहिणीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अगं, कशावरून तुझ्यामुळेच?"

"आणखी कशामुळे असेल?"

"शंभर कारणं असतील. आणि असलं तुझ्यामुळे, तर तू आजपासून बंद कर. काय ते उतरेल आपोआप. स्कॅनमध्ये काही निघायचं नाही, त्यांचा जीव भांड्यात पडेल, तुझाही पडेल. सुंठीवाचून..." ती थांबली. "ताई, तू बोललीस तर संपलीस. लोक काय म्हणतील माहितीये? पोरींना औषध लावते म्हणतील. नीट ऐकून कोण घेतंय? पंचवीस वर्षं एका दिवसात धुऊन निघतील. तोंडाला कुलूप लाव आणि पडून राहा."

"तिला भूल देणार आहेत."

"देतात गं. मुलांना रोज देतात." बहीण वाईट नव्हती. ती ताईसाठी घाबरली होती, आणि घाबरलेलं माणूस जवळच्याचं तेवढं बघतं. "जेवलीस का तू?" तिनं विचारलं. ताईनं हो म्हटलं, ते खोटं होतं.

संध्याकाळ होईतो ती रस्त्यांतून चालत राहिली, जाकीट घालून, हात खिशात कोंबून. समोरून येणाऱ्या माणसांना चुकवून, भिंतीच्या कडेकडेनं. एक लहान पोरगं धडपडत तिच्या पायाशी आलं, तशी ती अशी काही बाजूला झाली की त्याच्या बापानं तिच्याकडे रोखून बघितलं. बहीण म्हणते ते किती सोपं होतं. खरोखरच सोपं होतं, त्यात कुठं फट दिसत नव्हती. जेल बंद. गाठी विरतील. सगळे म्हणतील, वाढीचं काहीतरी असेल. फक्त उद्या सकाळी मुंगीला उपाशीपोटी उचलून नेतील, हातात सुई टोचतील, तिचे डोळे मिटतील, आणि तिची आई एका बंद दाराबाहेर बसून मुलीच्या डोक्यातल्या गाठीची वाट बघेल. फक्त एवढंच. त्या बाईला रात्रभर काय दिसेल याचा विचार ताईच्या मनात आला आणि ती रस्त्यातच थांबली. पण लगेच दुसरी भीती पुढं सरसावली. दारावर पाटी लागेल, पोरींचे आईबाप ओरडत येतील, कोणी विचारील, तुम्हाला मुलं नाहीत ना, म्हणून. आणि त्याच्यामागून तिसरी. औषध बंद म्हटलं की परत त्या वाफा, परत ते झोप नसलेलं डोकं, आणि मग एखाद्या सकाळी उशिरा जाणारा हात. कुठल्या भीतीला आधी पुढं जाऊ द्यावं हे तिला समजेना. डॉक्टरीणबाईंना विचारता येईल, दुसरं काही देता येतं का, मांडीला लावता येतं का, हेही डोक्यात येऊन गेलं. पण पोट म्हणत होतं, पळ. तसं बघितलं तर ती पळतच होती, आणि पळता पळता चष्म्याच्या दुकानासमोर येऊन उभी राहिली. पाय आपले इकडे कसे वळले, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मुंगीची आई मखमली कापडानं एक भिंग पुसत होती. "अय्या ताई! आलात शेवटी. किती वर्षं सांगतेय, डोळे तपासून घ्या म्हणून." तिचा आवाज उसना आनंदी होता. ताईनं तोंड उघडण्याआधीच तिनं तिला आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं, उंच स्टुलावर बसवलं आणि यंत्र पुढं ओढलं. "हनुवटी इथं टेका. कपाळ पट्टीला. हलू नका." दिव्याचा बारीक पट्टा ताईच्या डोळ्यात शिरला. पलीकडे, वीतभर अंतरावर, त्या बाईचा डोळा होता, आणि तिच्या श्वासाला चहाचा वास होता. "डोळे कोरडे पडलेत हो तुमचे. या वयात पडतात," ती म्हणाली. तिच्या दोन बोटांनी ताईची पापणी हलकेच वर उचलली. इतक्या जवळून, इतक्या काळजीनं ताईला कोणी हात लावून किती वर्षं झाली होती कोण जाणे. आणि मग तिला राहवलं नाही.

"मी लावते," ती म्हणाली. हनुवटी टेकलेली होती, त्यामुळे आवाज दातांतून आला. "हॉर्मोनचं जेल. डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं ना, कोणी लावतं का. मी लावते. हातांना. आठ महिने. सकाळी, वर्गाच्या आधी."

दिवा तसाच राहिला. "परत सांगा," मुंगीची आई म्हणाली.

तिनं परत सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा जड गेलं, कारण आता समोरचा डोळा हलत नव्हता. मग यंत्र मागं सरलं, खोलीतला मोठा दिवा लागला, आणि ती बाई भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "म्हणजे डोक्यात काही नाही?" तिनं विचारलं. आधी हेच विचारलं. "ताई, म्हणजे तिच्या डोक्यात काही नाही?"

"नसावं. मला खात्रीनं माहीत नाही. तुम्ही डॉक्टरांना विचारा. आत्ता विचारा, उद्याच्या आधी."

त्या बाईनं तोंडावर हात दाबला आणि रडली, थोडंसंच. मग तिला आठवलं, की याच बोटांनी आपण हिची पापणी धरली, आणि ती कोपऱ्यातल्या बेसिनकडे गेली आणि हात धुवायला लागली. धूत राहिली. ताई बघत होती. दुपारी आपण असेच दिसलो असू, तिच्या मनात आलं. पाणी बंद करून ती बाई वळली तेव्हा तिचा चेहरा वेगळा होता. "महिनाभर," ती म्हणाली, "महिनाभर मी रोज रात्री तिच्या उशाशी बसून तिचा श्वास ऐकतेय. तुम्हाला कल्पना आहे?" ती एक पाऊल पुढं आली. "सकाळी का नाही बोललात? सकाळी मी तुमच्यासमोर उभी होते!"

"घाबरले."

"घाबरलात!" तिनं तो शब्द असा काही उच्चारला की ताईला स्टुलावरून उतरून कोपऱ्यात जाऊन उभं राहावंसं वाटलं. पण ती तशीच बसून राहिली. मुंगीच्या आईनं फोन काढला, डॉक्टरांना लावला आणि तो चष्म्यांच्या ट्रेवर दोघींच्या मध्ये ठेवला.

डॉक्टरांचा आवाज थकलेला पण सावध होता. त्यांनी ताईला जेलचं नाव विचारलं, मात्रा विचारली, कधी लावता विचारलं. मग म्हणाले, उद्याचं स्कॅन थांबवू. मुलीला या संपर्कापासून पूर्ण लांब ठेवायचं, महिन्यानं पुन्हा तपासायचं. बहुतेक आपोआप ओसरेल, पण बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. मुंगीची आई खुर्चीवर बसली. ताईनं स्वतःहून सांगितलं, की वर्गात आणखी मुली आहेत, त्या सगळ्यांच्या घरी ती उद्या जाणार आहे, एकेकीच्या. हे तोंडातून गेल्यावर तिला कळलं, की आता खरोखर जावं लागणार.

"बाकीच्या मुलींना आजवर काही त्रास?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला तरी कोणी बोललं नाही."

"मग हिलाच का, हे मला समजून घ्यायचंय. तुम्ही मुलींना कसं धरता?"

इतक्या वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं. "कमरेला," ती म्हणाली. "पाठीला. उलटी फिरताना मांडीला आणि खांद्याला. अगदी थोडा वेळ, लगेच हात सोडायचा असतो. पडली तर मात्र दोन्ही हातांत. छातीशी."

"आणि ही जास्त पडते?"

"हल्ली पडते. पूर्वी नव्हती पडत, तिचा तोल सगळ्यांत चांगला. मला वाटलं अंग वाढतंय, म्हणून..."

"ती मुद्दाम पडते," मुंगीची आई म्हणाली.

ताईनं तिच्याकडे बघितलं. ती बाई फोनकडे बघत होती. राग तिच्या चेहऱ्यावर अजून होता, पण तो आता एकट्या ताईवर नव्हता. "घरी मला सांगते ती. म्हणते, ताई झेलतात ना, तेव्हा त्या घट्ट धरतात, मला ते आवडतं. मी म्हणायचे, वेडी आहेस का, लागेल. मी दिवसभर इथंच असते ना," ती म्हणाली.

ताईनं दोन्ही हात जाकिटाच्या खिशात आणखी खोल घातले. सकाळपासून ती नको नको त्या गोष्टींना भ्याली होती, पण कोणी मुद्दाम आपल्या हातांत पडत असेल, या गोष्टीला भ्यायचं तिला सुचलंच नव्हतं. फोनमधून डॉक्टर दोनतीनदा हॅलो म्हणाले, आणि शेवटी मुंगीच्या आईनं हात पुढं करून फोन जवळ ओढला.